कच्चा कागद लपवू नका

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्मरणिका समितीच्या पोरांनी मला सांगितले, "दादा, या वर्षी तरुणांसाठी काहीतरी बोला." मी काही पदवी घेतलेला माणूस नाही. नववीत शाळा सुटली. पुढे सूतगिरणीत लागलो आणि रिंग फ्रेमवर तुटलेले धागे जोडता जोडता तीस वर्षे निघून गेली. वाचन केले ते रात्रपाळी संपल्यावर, आणि इंग्रजी शिकलो ते शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा माझ्या बोलण्यात चूक सापडली तर इथेच सांगा, मनात ठेवून घरी जाऊ नका. आजचा माझा विषयही थोडाफार तोच आहे.

विषय ऐकून काही जण हसतील. मी आज चित्रकथेवर बोलणार आहे. होय, कॉमिकवर! ज्याला आपण पोरांचे पुस्तक म्हणून बाजूला सारतो, त्यावर. आणि त्यातही छापून आलेल्या चित्रकथेपेक्षा तिच्या कच्च्या कागदांवर जास्त बोलणार आहे.

झाले असे की, माझी धाकटी मुलगी चित्रकला शिकते. गेल्या पावसाळ्यापासून ती एक चित्रकथा काढते आहे. कोणावर? तर तिच्या आजोबांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर. मी पाळीवरून घरी आलो की ती कागद उलटे करून ठेवायची. मी विचारायचो, "काय गं लपवतेस?" तर म्हणायची, "बाबा, अजून कच्चं आहे. पूर्ण झालं की दाखवीन." मला वाटले, बरोबरच आहे. आपल्याला तसेच शिकवले आहे. चारचौघांत जाताना धुतलेला कपडा घालायचा, आणि माणसांसमोर ठेवायचे ते नीटनेटके ठेवायचे. आधीच जग आपल्यात खोट शोधायला टपलेले, मग आपली खाडाखोड आपणच कशाला दाखवायची?

एके दिवशी तिने कॉलेजच्या ग्रंथालयातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणले. नाव 'मेटामाउस'. मी सहज चाळायला घेतले, आणि दीड महिना ते पुस्तक माझ्या उशाशी राहिले. अडले तिथे शब्दकोश, शब्दकोशात अडले तिथे मुलगी. त्या पुस्तकाने माझे मत बदलले. ते कसे, तेवढेच तुम्हाला सांगायचे आहे.

आर्ट स्पीगलमन हे अमेरिकेतले ज्यू चित्रकार. त्यांचा जन्म १९४८ चा. त्यांचे वडील व्लादेक आणि आई आन्या हे मूळचे पोलंडचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिटलरच्या नाझी राजवटीने युरोपातल्या सुमारे साठ लाख ज्यूंना ठार मारले, हे तुम्हाला माहीत आहे. ऑश्विट्झ या एका छावणीत अकरा लाखांच्या आसपास माणसे मेली. त्या छावणीतून हे नवरा-बायको जिवंत बाहेर आले. त्यांचा थोरला मुलगा मात्र युद्धात गेला, आणि बहुतेक सारा गोतावळा गेला. आर्ट हा नंतर जन्मलेला मुलगा.

या मुलाने मोठेपणी वडिलांना बोलते केले आणि त्यांचे बोलणे टेपवर उतरवून घेतले. १९७२ साली त्याने आधी तीन पानांची एक छोटी चित्रकथा काढली. पुढे १९८० पासून 'रॉ' नावाच्या नियतकालिकात तो एकेक प्रकरण छापू लागला. पहिला भाग पुस्तकरूपाने १९८६ साली आला, दुसरा १९९१ साली. पुस्तकाचे नाव 'माउस', जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ उंदीर. त्यात ज्यू माणसे उंदराच्या तोंडाची काढली आहेत आणि नाझी मांजराच्या तोंडाचे. नाझी लोक ज्यूंना उंदीर, घाण, कीड म्हणत. या चित्रकाराने तीच शिवी उचलली आणि तिचेच पुस्तक करून जगासमोर ठेवली. शिवीचे असे काय करता येते, हे आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगायला नको. १९९२ साली या पुस्तकाला पुलित्झरचे विशेष पारितोषिक मिळाले.

आता खरी गोष्ट ऐका. पुस्तक पूर्ण झाले, नाव झाले. दुसरा कोणी असता तर कच्चे कागद पेटीत बंद केले असते. यांनी काय केले? १९९१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'माउस'चे प्रदर्शन भरले, त्यात पक्क्या पानांबरोबर कच्ची रेखाटनेही मांडली. आणि २०११ साली 'मेटामाउस' काढले. त्यात सगळे उघडे करून ठेवले आहे. पुन्हा पुन्हा काढलेल्या चौकटी, खोडलेल्या ओळी, जुने फोटो, नकाशे, वडिलांचे टेपवरचे बोलणे जसेच्या तसे. हे असे का केले, आधी असे का होते, कुठे चुकलो, हे सगळे तो माणूस सांगतो. दोन भाग मिळून जेमतेम तीनशे पानांची चित्रकथा, पण तिच्यासाठी तेरा वर्षे खपला. आपण एक पान अर्ध्या मिनिटात उलटतो. ते काढणाऱ्याची मजुरी किती, ते कच्च्या कागदावरच कळते. मी कामगार माणूस आहे, मला ही गोष्ट आधी दिसली.

तीन प्रसंग सांगतो. तिन्ही 'माउस'मध्येच चित्रांत काढलेले आहेत.

पहिला प्रसंग. पुस्तक अजून अर्धेमुर्धे आहे. मुलगा कच्ची रेखाटने घेऊन वडिलांच्या घरी जातो आणि त्यांच्यासमोर ठेवतो. त्यात सोस्नोविएत्स गावात नाझींनी भर चौकात फाशी दिलेल्या ज्यू माणसांचे चित्र आहे. जिवापाड जपून चार पैशांचा धान्याचा व्यवहार करणारी ती माणसे, व्लादेकच्या ओळखीची. बाजूला म्हाताऱ्या व्लादेकचे चित्र आहे, त्यांची आठवण आली की मला अजून रडू येते असे सांगताना. ते चित्र पाहून खरा व्लादेक म्हणतो की हो, अजूनही रडू येते. मग तो असेही सांगतो की मी कधी असली चित्रांची पुस्तके वाचत नाही, पण हे मलाही वाचावेसे वाटते. बंधूंनो, व्लादेक १९८२ साली वारला. पहिला भाग छापून आला १९८६ ला. म्हणजे पक्के पुस्तक बापाने पाहिलेच नाही. मुलगा जर म्हणाला असता की पूर्ण झाल्यावर दाखवीन, तर बापाच्या हाती काहीच पडले नसते. त्याने कच्चे दाखवले म्हणून बापाने निदान तेवढे तरी पाहिले.

दुसरा प्रसंग. ऑश्विट्झमध्ये व्लादेक पत्र्याच्या कामावर होता, नंतर जोडे दुरुस्त करायच्या कामावर. हातात कसब आहे असे सांगून आणि ते शिकून घेऊन तो जगला. आता मुलाला तो पत्र्याचा कारखाना काढायचा आहे, पण आत कोणती हत्यारे होती, याची माहितीच कुठे मिळेना. तेव्हा तो स्वतःच छळछावणीतून वाचलेल्या एका मानसोपचार डॉक्टरांना ही अडचण सांगतो. ते डॉक्टर तरुणपणी हत्यारांच्या कारखान्यात काम केलेले असतात. ते सांगतात की तिथे अमुक यंत्र असणार. आणि पुढच्या भागात ते यंत्र चित्रात येते. जोड्याचा तळ कसा शिवावा, याचीही आकृती त्या पुस्तकात आहे. बघा, केवढी ही काळजी! ज्याचे आयुष्य यंत्रावर गेले त्याचे यंत्र चुकीचे काढले, तर त्याचे आयुष्यच चुकीचे काढल्यासारखे होते.

हे वाचले आणि मी मुलीला म्हटले, "आण तुझे कागद. आत्ता आण." ती कां-कू करत घेऊन आली. पहिल्याच कागदावर माझे वडील रिंग फ्रेमसमोर उभे. चेहरा हुबेहूब! पण सूत खालून वर चाललेले. मला हसू फुटले. पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. मग मी तिच्याजवळ बसलो आणि सांगितले, "हे बघ बेटा, रोव्हिंगच्या बॉबिन वरती टांगलेल्या असतात. तिथून ते खाली येतं, रोलरमध्ये खेचलं जाऊन बारीक होतं, आणि सगळ्यात खाली स्पिंडलवर पीळ बसून गुंडाळलं जातं. तुझ्या चित्रात आजोबा गिरणी उलटी चालवतायत." तीही हसली. त्या रात्री तिने ते पान चार वेळा काढले. चौथ्या वेळी वडिलांचा हात जिथे असायला हवा तिथे आला. एका हाताने स्पिंडल थांबवून दुसऱ्या हाताने तुटलेला धागा वर नेणारा. तो हात मी ओळखला. पक्के झाल्यावर तिने मला दाखवले असते, तर मी "छान आहे" म्हणालो असतो आणि चूक तशीच राहिली असती. पक्क्या कामाची चूक कोणी सांगत नाही.

तिसरा प्रसंग जरा अवघड आहे. ऑश्विट्झच्या फाटकाशी कैद्यांचाच वाद्यवृंद वाजवायला लावत असत, कामावर जाणाऱ्या कैद्यांच्या रांगांसाठी. हे कागदोपत्री नोंदलेले आहे. पण मुलाने विचारले तर वडील म्हणाले की वाजवणारे कोणी मला आठवत नाहीत. आता काय करायचे? कागद खरा की बाप खरा? त्याने एका चौकटीत वाद्यवृंद काढला, आणि पुढच्या चौकटीत चालणाऱ्या कैद्यांची रांग अशी काढली की वाजवणारे जवळजवळ झाकून गेले. दोघांनाही जागा दिली, कोणाला खोटे पाडले नाही.

माझ्या मुलीपुढे हाच पेच आला. १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरची दीक्षाभूमी. वडील तेव्हा विशीतले, गावाहून आई आणि लहान बहिणीला घेऊन गेलेले. मुलीने कच्चे चित्र काढले होते, त्यात सगळा जनसमुदाय पांढऱ्या कपड्यांत. तसेच आपण वाचले आहे, फोटोत पाहिले आहे. मी म्हटले, एकदा आत्याबाईंना दाखवू. माझ्या आत्याबाई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या, आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी चष्मा पुसून चित्र हातात घेतले आणि म्हणाल्या, "आमच्यापाशी कुठलं रे पांढरं लुगडं? मायनं हिरवंच नेसलं होतं, आदल्या दिवशी धुऊन. मायले लाज वाटे, म्हणून थे पाठीमांगं बसली होती."

सभागृह जसे आत्ता शांत झाले, तसेच आमचे घर तेव्हा शांत झाले होते. एवढी वर्षे मी या विहारात दीक्षेची गोष्ट सांगत आलो. माझी आजी हिरव्या लुगड्यात, लाजून मागे बसली होती, हे मला ठाऊक नव्हते. कारण आत्याबाईंना कोणी विचारलेच नव्हते. पक्का फोटो भिंतीवर होता ना! मुलीने नवे पान काढले. सगळीकडे पांढरे, आणि मागच्या कोपऱ्यात एक विटलेले हिरवे लुगडे. ते पाहून आत्याबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी कागदावर बोट ठेवून एवढेच सांगितले, "पदर दोन्ही खांद्यांवरून घे." तेही मुलीने दुरुस्त केले.

आता मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती याच ठिकाणी द्यायला हवी.

'माउस'चा पहिला भाग कुठे संपतो, ते सांगतो. आन्याने, म्हणजे आईने, युद्धानंतर आपली कहाणी वह्यांत लिहून ठेवली होती. ती १९६८ साली गेली. मुलगा त्या वह्यांसाठी वडिलांच्या मागे लागतो. वडील टाळत राहतात. शेवटी कबूल करतात की दुःखाच्या भरात मी त्या जाळून टाकल्या. मुलगा बापाला खुनी म्हणतो, आणि भाग संपतो. पुढे 'मेटामाउस'मध्ये तो आईला ओळखणाऱ्या बायका शोधून त्यांना विचारत फिरतो, की माझी आई कशी होती? वह्या परत येत नाहीत. माणसे विचारावी लागतात, तीही जोवर आहेत तोवर.

हे वाचून मी पुस्तक मिटले. कारण माझ्या वडिलांचीही एक वही होती. लाल पुठ्ठ्याची. वडील २००४ साली गेले. २००९ साली घराला रंग द्यायचा म्हणून मी ट्रंक रिकामी केली आणि ती वही बाकीच्या कागदांबरोबर रद्दीत घातली. वरवर चाळली होती. पेन्सिलीचे आकडे, खाडाखोड, कुणाची नावे, मध्येच युनियनच्या सभेचे टिपण. मला वाटले, कच्चा हिशोब आहे, याचे काय काम? किलोच्या भावाने दिली.

बंधू-भगिनींनो, या विहाराच्या पहिल्या पत्र्यांसाठी कोणत्या घराने किती वर्गणी दिली, ते त्या वहीत होते. या वर्षी स्मरणिकेसाठी संस्थापकांची नावे गोळा करताना तीन नावांवरून आपल्यात केवढा वाद झाला, ते तुम्ही पाहिले. दोन कुटुंबे महिनाभर एकमेकांशी बोलली नाहीत. त्या वादात मी मध्यस्थ म्हणून बसलो होतो आणि गप्प होतो. आज सांगतो. तो वाद ज्या कागदाने पाच मिनिटांत मिटला असता, तो कागद मी विकला. ज्या आजींचे चार आणे, आठ आणे त्यात लिहिलेले होते, त्यांची नावे आता मिळणार नाहीत. मी कोणाला दोष देत नाही. दोष माझा आहे. वाचणारा, चळवळीत फिरणारा माणूस मी, पण कच्च्या कागदाची किंमत मला कळली नाही.

आणि कळायला हवी होती! बाबासाहेबांचे उदाहरण समोर होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. पण त्याआधी १९५१ साली त्याचे पहिले रूप वेगळ्या इंग्रजी नावाने खासगीरीत्या जाणकारांना मतासाठी दिले गेले होते. एवढा मोठा विद्वान, पण चालू काम लोकांपुढे ठेवून मत मागायला त्यांना कमीपणा वाटला नाही. आणि लहानपणी व पुढे परदेशातून शिकून आल्यावरही जे अपमान सोसले, त्या आठवणी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवल्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाने आपण त्या ओळखतो. १९९० साली त्या पुस्तिका म्हणून निघाल्या. हस्ताक्षरातला तो मजकूर कोणी रद्दीत घातला असता तर?

त्याच आठवणींवरून २०११ साली, म्हणजे 'मेटामाउस' आले त्याच वर्षी, 'भीमायन' ही चित्रकथा निघाली. चित्रे मध्य प्रदेशातल्या परधान गोंड समाजातील दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, कथन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. त्या पुस्तकाच्या शेवटीही ते कसे घडले, हे उघड सांगितले आहे. या चित्रकारांनी माणसांना चौकटीत कोंबायला नकार दिला. चौकटीऐवजी आपल्या घराच्या भिंतीवरची दिगना नक्षी पानावर आणली. प्रेमाने बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात लिहिले, आणि विखारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी लावली. कसे केले ते सांगितले म्हणून आपल्याला कळते की हे आपल्यालाही करता येईल. नुसते पक्के काम पाहिले की माणूस हात जोडतो. कच्चे पाहिले की त्याचा हात पेन्सिलीकडे जातो.

म्हणून तरुण मित्रांनो, माझी तुमच्याकडे मागणी मोठी नाही. गाणे लिहिता, चित्र काढता, घराण्याची हकीकत लिहिता, तर पूर्ण व्हायची वाट पाहू नका. अर्धवट असतानाच घरातल्या म्हाताऱ्या माणसापुढे ठेवा. ती हसतील, चुका काढतील, "असं नव्हतं रे" म्हणतील. त्या "असं नव्हतं" मध्येच सगळा इतिहास आहे. आणि ज्येष्ठांना हात जोडून सांगतो, पोरांनी कच्चे दाखवले तर टिंगल करू नका. मी हसलो, ती माझी चूक होती.

आणि आई-बहिणींनो, दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक उघडाल तेव्हा खोडलेला, फाटका, पेन्सिलीचा कागद आधी विहारात आणा. रद्दीवाला कुठे पळून जात नाही. कार्यकारिणीला माझी विनंती आहे की वाचनालयातले एक कपाट या कागदांसाठी द्यावे. पुठ्ठ्याच्या फायली मी माझ्या पगारातून आणीन. त्यात पहिला कागद माझ्या मुलीचा असेल. उलट्या चालणाऱ्या गिरणीचा, चुकलेला. तिने तो फाडायला घेतला होता, मी फाडू दिला नाही. त्याच्या खाली आत्याबाईंनी सांगितलेली दुरुस्ती, तारखेसह.

त्या वादातल्या तिन्ही कुटुंबांतील ज्येष्ठांना मी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता इथेच बसायला बोलावले आहे. मुलगी कोरे कागद घेऊन येईल. पहिल्या पत्र्यांचा विहार कसा होता, कोण कुठे बसत होते, वर्गणीचा डबा कोणाच्या हातात होता, ते सांगा. ती काढेल, तुम्ही खोडा. वही परत येणार नाही. पण माणसे अजून आहेत.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!